मोठ्या घरातून लहान घरात जाताना: टेप हातात घेण्यापासून सामान लागेपर्यंत

लहान घरात जायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी कपाट उघडून बसतात आणि काय टाकता येईल ते शोधू लागतात. चार तासांनी जमिनीवर ढीग असतो, मन थकलेलं असतं आणि कपाट जवळजवळ तेवढंच भरलेलं असतं. आमच्या घराचं बिऱ्हाड हलवताना आम्ही सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. नव्या घरात किती मावतं ते आधी मोजलं आणि मगच जुन्या घरातल्या वस्तूंना हात लावला. त्यामुळे वाद कमी झाले, कारण नकार आमच्यापैकी कुणी देत नव्हतं, भिंतीची लांबी देत होती. तुम्हीही याच क्रमाने जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

१. आधी नव्या घराची मापं घ्या

पाच मीटरचा टेप, वही आणि पेन्सिल घेऊन नव्या घरात जा. विक्रेत्याने किंवा मालकाने दिलेल्या नकाशावर विसंबू नका. त्यात भिंतीची जाडी, खांब आणि तुळया अनेकदा धरलेल्या नसतात. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि उंची घ्या. खिडकी जमिनीपासून किती वर सुरू होते, दार कोणत्या बाजूला उघडतं, वीजेचे प्लग कुठे आहेत, कपडे धुण्याच्या यंत्रासाठी नळ आणि निचरा कुठे आहे, हेही लिहा. दाराची रुंदी चौकटीच्या बाहेरून मोजू नका. दार उघडं ठेवून जिथून सामान खरोखर आत जाईल तेवढीच जागा मोजा. लिफ्टची आतली मापं आणि जिन्याचं सर्वांत अरुंद वळणही विसरू नका.

उंच कपाटांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. २१० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल कपाट आडवं आणून खोलीत उभं करायचं असेल, तर उभं होताना त्याचा कर्ण वर येतो. तो सुमारे २१८ सेंटिमीटर भरतो. म्हणजे छत २१५ सेंटिमीटरवर असेल, तर कपाट तिथे मावतं, पण अखंड उभं करता येत नाही. ते सुटं करूनच न्यावं लागतं.

मापं हातात आली की १:२० प्रमाणात नकाशा काढा. खोलीतले २० सेंटिमीटर म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर. चार मीटरची भिंत २० सेंटिमीटरची होते आणि साधारण खोली ए-४ कागदावर नीट बसते. त्याच प्रमाणात पलंग, कपाटं आणि टेबलं पुठ्ठ्यातून कापा. १८० बाय २०० सेंटिमीटरचा पलंग ९ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा होतो. हे तुकडे कागदावर सरकवून बघा. ये-जा करायला निदान ६० सेंटिमीटर वाट सोडा. ज्या कपाटाचं दार बाहेर उघडतं त्याच्यासमोर दाराची रुंदी आणि माणूस उभा राहील एवढी जागा, दोन्ही हवं. घरात काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल, तर वाटा ९० सेंटिमीटरच्या ठेवा. त्यासाठी एखादं टेबल सोडावं लागलं तरी सोडा.

कागदावर पटत नसेल, तर जुन्या घराच्या मोठ्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टीने नव्या खोलीची हद्द आखा आणि त्या चौकोनातच फर्निचर लावून काही दिवस राहा. घरातल्या ज्या माणसाला नकाशा वाचता येत नाही, त्यालाही यातून नेमकं समजतं.

शेवटी नव्या घरातल्या सगळ्या फळ्यांची, कप्प्यांची आणि कपडे टांगायच्या दांड्यांची लांबी मोजून बेरीज करा. पुढचा सगळा निवाडा या आकड्यावर होणार आहे. पुस्तकाची जाडी सरासरी अडीच सेंटिमीटर धरली, तर एक मीटर फळीत ४० पुस्तकं बसतात. नव्या घरात पुस्तकांसाठी तीन मीटर फळी असेल, तर तुमच्याकडे १२० पुस्तकांची जागा आहे. मग ‘कोणती पुस्तकं काढू’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कोणती १२० नेऊ’ हा समोर येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं मला खूप सोपं गेलं.

२. हलण्याच्या तारखेपासून मागे मोजत या

हाताशी तीन महिने असतील तर काम शांतपणे होतं. कमी असतील तर क्रम तोच ठेवा, प्रत्येक टप्पा आखडता घ्या.

पहिल्या महिन्यात मापं घ्या आणि जे फर्निचर नव्या घरात बसणार नाही त्याचा निर्णय लावा. मोठ्या वस्तूंना घेणारा मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्या आधी. दुसऱ्या महिन्यात कपाटं, पुस्तकं, स्वयंपाकघर आणि वाहतूकदार ठरवणं. तिसऱ्या महिन्यात कागदपत्रं, पत्त्याचे बदल आणि बांधाबांध. शेवटच्या आठवड्यात कोणताही मोठा निर्णय शिल्लक ठेवू नका, कारण त्या दिवसांत माणूस दमून ‘सगळंच घेऊन चला’ म्हणतो.

शक्य असेल तर दोन्ही घरांच्या किल्ल्या काही दिवस एकदमच हातात राहतील असं बघा. रिकाम्या घराची सफाई, रंग, फळ्या ठोकणं, पडदे लावणं हे सामान येण्याआधी झालेलं बरं. लहान घरात सामान एकदा आलं की काम करायला मोकळी जमीन उरत नाही. महिनाअखेर आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या आणि माणसं मिळणं अवघड असतं, तेव्हा आठवड्याच्या मधला दिवस बघा.

३. आवरायला सोप्या वस्तूंपासून घ्या

निर्णय घेण्यानेही थकवा येतो. म्हणून पहिल्या दिवशी फोटोंचे अल्बम उघडू नका. माळा आणि अडगळ, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघरातल्या दोन-दोन असलेल्या वस्तू, चादरी-पांघरुणं, कपडे, पुस्तकं, कागद आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू, असा क्रम ठेवा. एका बैठकीला दोन तास पुरे. एका बैठकीत एकच प्रकार घ्या आणि त्या प्रकारच्या घरभरातल्या सगळ्या वस्तू एका जागी आणा. तीन खोल्यांत विखुरलेल्या कात्र्या एकत्र आल्यावरच किती आहेत ते दिसतं.

प्रत्येक वस्तूसाठी चार वाटा ठेवा: न्यायची, द्यायची, विकायची, टाकायची. ‘ठरत नाही’ असं पाचवं खोकं लागतंच, पण ते एकच असू द्या. त्यावर तारीख घाला आणि त्या तारखेला ते पुन्हा उघडा.

‘वर्षभरात वापरलं का?’ हा प्रश्न सगळेच सुचवतात, पण मला तो अपुरा वाटतो. अग्निशामक नळकांडं आपण वर्षभरात वापरत नाही, तरी ते हवंच असतं. याहून उपयोगी प्रश्न असा: ही वस्तू आज घरात नसती, तर ती मिळवण्यासाठी मी पैसे आणि वेळ खर्च केला असता का? यामागे कारण आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत, नसलेले द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. कॉफीचा मग तोच होता, फक्त तो आता ‘माझा’ झाला होता. वस्तू आपली असली की तिची किंमत आपल्याला वाढीव दिसते. वरचा प्रश्न विचारला की तो ‘माझा’पणा क्षणभर बाजूला होतो.

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जादा गाद्या, मोठी पातेली, शिडी, ड्रिल यंत्र अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू लहान घरात फार जागा अडवतात. उसन्या किंवा भाड्याने मिळतात त्या सोडून द्या. मात्र रोजच्या सुखाची वस्तू मोठी आहे एवढ्याच कारणाने काढू नका. वाचायची आरामखुर्ची रोज वापरात असेल, तर तिच्यासाठी दुसरं काहीतरी सोडा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, आवरण्याआधीच खोकी, टोपल्या आणि कप्पे विकत आणणं. नेमकं काय उरणार हे माहीत नसताना आणलेली साठवणीची साधनं स्वतःच अडगळ होतात. दुसरा सापळा महागडा आहे: जे मावत नाही ते भाड्याच्या गोदामात ठेवणं. दोन घरांच्या तारखा जुळत नसतील तेव्हा थोड्या दिवसांसाठी गोदाम ठीक आहे. निर्णय पुढे ढकलण्यासाठी ते घेतलं, तर दर महिन्याला भाडं जातं आणि काही काळाने ते वस्तूंच्या किमतीहून जास्त होतं.

‘द्यायचं’ ठरलेलं त्याच आठवड्यात घराबाहेर जाऊ द्या. दाराशी पडून राहिलेली पिशवी पुन्हा उघडली जाते.

४. दुसऱ्यांच्या वस्तूंचा निर्णय तुम्ही घेऊ नका

वेगळी राहणारी मुलं आपल्या लहानपणीचं निम्मं सामान आईवडिलांकडे ठेवून गेलेली असतात. त्यांना फोटो आणि यादी पाठवा, नेण्याची तारीख लेखी कळवा आणि त्या तारखेनंतर काय होईल तेही स्पष्ट लिहा. बहुतेक वेळा त्यांना फारच थोडं हवं असतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

घरात वयस्कर माणूस असेल तर मात्र घाई अजिबात नको. त्यांच्या नकळत त्यांच्या वस्तू काढणं हा विश्वासघात असतो आणि तो लक्षात आल्यावर पुढच्या प्रत्येक खोक्याला विरोध होतो. त्यांच्या शेजारी बसा, एका वेळी एकच ड्रॉवर घ्या आणि वस्तूची गोष्ट सांगायची असेल तर सांगू द्या. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत दिसलं, की गोष्ट पूर्ण ऐकून घेतली की वस्तू देऊन टाकायला त्या स्वतःच तयार व्हायच्या. काही वस्तू कुणाला द्यायच्या त्यांची नावंही त्यांच्या मनात आधीपासून होती, आजवर कुणी विचारलं नव्हतं एवढंच. वस्तू घरातल्याच कुणाकडे जाणार असेल, तर ती त्यांच्या हातूनच दिली जाऊ द्या.

वयस्कर माणसाच्या पलंगाशेजारची मांडणी बांधण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा: दिवा कोणत्या बाजूला, पाण्याचा पेला कुठे, चष्मा कुठे, चपला कोणत्या कडेला. नव्या घरात तीच मांडणी पहिल्याच दिवशी तशीच लावा. रात्री उठल्यावर हात सवयीच्या जागी जातो आणि धडपडण्याचा धोका कमी होतो. स्मरणशक्ती कमी झालेल्या माणसासाठी तर हे फारच गरजेचं आहे.

जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्या निधनाला थोडेच दिवस झाले असतील, तर त्यांचे कपडे आणि वस्तू सगळ्या आत्ताच आवरायला हव्यात असं नाही. एक खोकं न निवडता बरोबर न्या. नव्या नकाशात त्याची जागा आधीच धरून ठेवा.

५. कागद, फोटो आणि जुनी यंत्रं

कागद फार जड असतो. ए-४ चा ५०० पानांचा गठ्ठा सुमारे अडीच किलो भरतो. मालमत्तेचे दस्तऐवज, जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले, पदव्या, मृत्युपत्र, चालू विमापत्रं आणि कराची आवश्यक तेवढ्या वर्षांची कागदपत्रं मूळ स्वरूपात ठेवा. बाकी बहुतेक गोष्टी स्कॅन होऊ शकतात. दुकानांतल्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात आणि काही काळाने त्यांच्यावरचं काहीच दिसेनासं होतं. ज्यांची हमी अजून चालू आहे त्यांचा फोटो आजच काढा. खाते क्रमांक आणि सही असलेले कागद अख्खे रद्दीत देऊ नका, बारीक फाडून टाका.

फोटो स्कॅन करताना नेहमीच्या आकाराच्या छापील फोटोला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) चालतं, पण लहान फोटो पुढे मोठे करायचे असतील तर ६०० ठेवा. निगेटिव्ह टाकू नका. छापील फोटोपेक्षा तिच्यात जास्त तपशील असतो आणि शंभर निगेटिव्ह एका पाकिटात मावतात. फोटोमागे लिहिलेली नावं आणि तारखाही स्कॅन करा. ज्यांना त्या चेहऱ्यांची नावं माहीत आहेत, त्यांना शेजारी बसवून हे काम केलंत तर उत्तम. जुन्या ध्वनिफिती आणि व्हिडिओ कॅसेटमधली चुंबकीय फीत पडून राहूनही खराब होत जाते, त्यामुळे त्यांचं डिजिटल रूपांतर लांबणीवर टाकू नका. सगळ्याच्या तीन प्रती असू द्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

जुना संगणक देताना फाइल नुसती डिलीट केल्याने माहिती पुसली जात नाही. हार्ड डिस्क पुसण्याचं साधन वापरा किंवा डिस्क काढून घ्या. फोन असेल तर खात्यातून बाहेर पडून मग फॅक्टरी रीसेट करा. बॅटऱ्या, सीएफएल दिवे आणि पाऱ्याचे थर्मामीटर साध्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. सीएफएलमध्येही पारा असतो. तुमच्या भागातल्या घातक कचऱ्याच्या संकलनाची चौकशी करा. मुदत संपलेली औषधं नाल्यात ओतू नका.

६. वाहतूकदार ठरवणं

निदान तिघांना घरी बोलावून सामान दाखवा आणि लेखी अंदाज घ्या. माळा, बाल्कनी, गॅरेज सगळं दाखवा, नाहीतर गाडी लहान पडते आणि दुसरी फेरी तुमच्या खर्चाने होते. लेखी अंदाजात पुढच्या गोष्टी हव्यात: दर वेळेवर आहे, आकारमानावर आहे की ठरावीक, दोन्हीकडचे मजले आणि लिफ्ट, गाडी दारापासून किती लांब उभी राहील, फर्निचर सुटं करणं आणि जोडणं धरलं आहे का, विमा कशाचा आणि किती रकमेपर्यंत. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली वस्तू फुटली तर भरपाई मिळते का, हे वेगळं विचारा. पुष्कळदा मिळत नाही.

सामान न बघता फोनवरच एकदम कमी आकडा सांगणाऱ्या आणि मोठी आगाऊ रक्कम मागणाऱ्या माणसापासून दूर राहा. सामान गाडीत चढल्यावर रक्कम वाढते आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसतं.

७. बांधाबांध

लागणारं साहित्य: दुहेरी थराच्या पुठ्ठ्याची दोन-तीन मापांची खोकी, रुंद चिकटपट्टी, जाड मार्कर, कोरा कागद, बबलचं आवरण, सुतळी, स्क्रू ठेवायला लहान पिशव्या, स्क्रूड्रायव्हर आणि पाने, कटर, हातमोजे.

जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्या खोक्यात. हा एक नियम पाळलात तर कंबरही वाचते आणि खोक्याचा तळही. प्रत्येक बाजू ४५ सेंटिमीटर असलेलं खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर ५० किलोंच्या वर जातं. १५ किलोंच्या आसपास थांबा. ताटल्या एकावर एक आडव्या न रचता उभ्या लावा, प्रत्येकीमध्ये कागद घाला, आणि खोक्यात पोकळी राहू देऊ नका. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना आणि कपड्यांना लागते, म्हणून आतला थर कोऱ्या कागदाचा असू द्या.

खोक्याचा क्रमांक आणि खोली बाजूवर लिहा. वर लिहिलं तर थप्पीत दिसत नाही. खोली नव्या घरातली लिहा, जुन्या घरातली नाही. वहीत क्रमांकापुढे आतल्या वस्तू नोंदवा.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या आणि उभाच न्या. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जाऊ शकतं, म्हणून नव्या घरात उभा करून काही तास, शक्यतो दिवसभर, तसाच ठेवा आणि मग चालू करा. समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्राच्या मागे पिंप धरून ठेवणारे बोल्ट येतात. ते शोधून लावा, नाहीतर प्रवासात पिंप आदळतं. पोचल्यावर पहिलं धुणं लावण्याआधी ते आठवणीने काढा. सपाट टीव्ही उभाच न्या. वायरी काढण्याआधी मागच्या जोडण्यांचा फोटो घ्या. पेट्रोल, थिनर आणि गॅसची नळकांडी सामानाच्या गाडीत चढवू नका.

८. स्वतःजवळ ठेवायची पिशवी

ही पिशवी गाडीत जात नाही, तुमच्या हातात राहते. तिच्यात: ओळखपत्रं आणि पारपत्र, दोन्ही घरांचे करार, वाहतूकदाराचा करार, विमापत्रं, रोजची औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दागिने, किल्ल्या, चार्जर, पॉवर बँक, सामानाची वही. दुसऱ्या एका खोक्यात अंथरूण-पांघरूण, साबण, टॉवेल, एक दिवा, कटर, थोडी भांडी आणि बदलायचे कपडे. ते गाडीत सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरेल.

९. हलण्याचा दिवस आणि पुढचे काही आठवडे

निघण्याआधी रिकाम्या घराचे आणि वीज, पाणी, गॅसच्या मीटरचे फोटो काढा. दोन्ही घरांचे. बिलावरून वाद झाला तर हाच पुरावा असतो. नव्या घरात एक जण दाराशी वही घेऊन उभा राहू द्या आणि येणारं प्रत्येक खोकं त्याने टिपून घ्यावं. सामान मिळाल्याच्या कागदावर सही करताना दिसणारं नुकसान तिथेच लिहा आणि ‘खोकी न उघडता घेतली’ हेही लिहा. भरपाई मागायची मुदत करारात पाहून ठेवा. ती अनेकदा छोटी असते.

पलंग आधी लावा, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. बाकीचं थांबू शकतं. पहिल्या महिन्यात नवीन फर्निचर घेऊ नका. घर कुठे अडतं आणि कुठे मोकळं आहे हे राहूनच कळतं, आणि लहान घरात चुकीचं घेतलेलं एक कपाट अख्खी खोली बिघडवतं.

पत्ता बदलल्याचं बँका, विमा, कर कार्यालय, मतदार नोंदणी, डॉक्टर, नोकरीची जागा, निवृत्तिवेतन आणि वाहन नोंदणी या सगळ्यांना कळवा. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय असेल तर ती निदान एक वर्षासाठी घ्या, कारण काही विमापत्रं आणि करविषयक सूचना वर्षातून एकदाच येतात. जुन्या घरात आता जे राहतात त्यांच्याकडे तुमचा फोन क्रमांक देऊन ठेवा. जुन्या पत्त्यावर एखादं पत्र आलंच, तर ज्याने ते पाठवलं त्याचं नाव यादीत घाला आणि त्याच दिवशी त्याला कळवा.